आधी पान चढवा, सजावट मागून : गावखेड्यातल्या माणसाची पहिली वेबसाइट

स्वतःची वेबसाइट करायची असं ज्यांच्या मनात पक्कं आहे, पण जी वर्षभर 'होणारच आहे' एवढ्यावरच थांबली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. तुमची वरुड-मोर्शीकडे संत्र्याची बाग असेल, आर्वी-पुलगावकडे मोटर वाइंडिंगचं दुकान असेल, वडसा-ब्रह्मपुरी भागात तुम्ही झाडीपट्टीच्या नाटकांत काम करत असाल, किंवा आजीच्या जात्यावरच्या ओव्या वहीत उतरवून ठेवल्या असतील. कामं वेगळी असली तरी अडतं जवळपास एकाच जागी. तालुक्याच्या अभ्यासिकेत मुलामुलींना संगणक शिकवताना मी हे सारखं पाहतो. पान तयार असतं, मजकूरही असतो, फक्त 'पब्लिश'चं बटण दाबायचं राहून जातं. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं : 'सर, अजून नीट झालं नाही.'

साधी एक पानी वेबसाइट आज एका संध्याकाळी होते. तिला पैसा लागत नाही, कोडिंग लागत नाही. म्हणून या लेखात बटणं कुठं आहेत हे सांगीनच, पण जास्त जागा देणार आहे ती त्या 'नीट झालं नाही'ला.

हा हट्ट येतो कुठून

आपल्याकडे छापील गोष्टीचा धाक मोठा आहे आणि तो रास्तही आहे. लग्नपत्रिकेत मामाचं नाव राहिलं तर ते नातं वर्षानुवर्षं दुखतं. म्हणून पत्रिकेचं प्रूफ चार जण चार वेळा वाचतात. वेबसाइटकडे आपण त्याच नजरेनं पाहतो, आणि घोळ तिथंच होतो. पानावरची चूक दोन मिनिटांत दुरुस्त होते, आणि त्यानंतर जो पाहील त्याला दुरुस्त केलेलंच दिसतं. वाटून झालेल्या पत्रिका परत गोळा करता येत नाहीत. पान मात्र रोज नव्यानं वाटलं जातं.

टिम बर्नर्स-ली यांनी जगातली पहिली वेबसाइट १९९१ साली सर्न या संशोधन संस्थेतून लोकांसमोर आणली. तिच्यावर एकही फोटो नव्हता, रंग नव्हते. साधा मजकूर आणि काही दुवे, बस. जीमेल १ एप्रिल २००४ ला सुरू झालं आणि जुलै २००९ पर्यंत त्याच्या नावाखाली 'बीटा' असं लिहिलेलं होतं. म्हणजे काम अजून चालू आहे असं उघड सांगत ते पाच वर्षं लोकांच्या वापरात होतं. एवढ्या मोठ्या कंपनीला ज्याची लाज वाटली नाही, त्याची आपल्या एका पानाला वाटायचं कारण नाही.

पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या हट्टाचे तीन प्रकार मांडले. एक, माणूस स्वतःकडून निर्दोष कामाची अपेक्षा धरतो. दुसरा, तो ती इतरांकडून धरतो. तिसरा, लोक आपल्याकडून तशी अपेक्षा धरून बसले आहेत असं त्याला वाटत राहतं. माझ्या मते गावात हा तिसरा प्रकार जास्त पीळ देतो. शहरात तुमचं पान अनोळखी लोक पाहतात. गावात ते सरपंच पाहतो, तुमचे गुरुजी पाहतात, ज्याच्याशी धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, भांडण आहे तोही पाहतो. ही भीती खरी आहे आणि 'लोकांकडे लक्ष देऊ नका' म्हटल्यानं ती जात नाही. ती कमी करायला पानाची रचना आणि पान चढवायची पद्धत, दोन्ही बदलावं लागतं. पुढच्या पायऱ्या त्याच हिशेबानं लावल्या आहेत.

पायरी पहिली : लोक तुम्हाला काय विचारतात ते लिहून काढा

'वेबसाइटवर काय टाकू?' असा प्रश्न घेऊन बसलात तर महिना जाईल. त्याऐवजी आठवा, गेल्या हंगामात फोनवर, पारावर, बाजारात लोकांनी तुम्हाला सारखं काय विचारलं. त्यातले तीन प्रश्न कागदावर घ्या, त्यांच्याच शब्दांत.

वाइंडिंगवाल्याला लोक विचारतात : मोटर कधी मिळन? पाच एचपीचे किती लागतीन? तुम्ही वावरात येऊन काढून नेता का? संत्रावाल्याला विचारतात : बहार कोणता धरला, आंबिया की मृग? माल कधी निघतो? रोपं देता का? ओव्या जमवणाऱ्या मुलीला विचारतात : ह्या ओव्या कोणत्या गावच्या? कोणाच्या तोंडच्या? आम्हाला त्या मिळतील का?

तुमची वेबसाइट म्हणजे या तीन प्रश्नांची उत्तरं. बाकी काहीही नसलं तरी चालेल. ती उत्तरं त्यात असली तर पान कामाचं आहे. मग ते दिसायला कसंही असो.

पायरी दुसरी : 'झालं' कधी म्हणायचं, ते आधीच ठरवा

हट्टी माणसाची खरी अडचण अशी की 'झालं' कशाला म्हणायचं हे तो काम करता करता ठरवतो, आणि दर वेळी ती रेघ थोडी पुढे सरकते. म्हणून काम सुरू करण्याआधी कागदावर लिहा : माझं नाव, गाव आणि तालुका, मी काय करतो ते एका वाक्यात, तीन प्रश्नांची उत्तरं, आणि संपर्क. एवढं पानावर आलं की पान पूर्ण. खाली तारीख टाका. मी मुलांना सांगतो की तारीख तुमच्या गावच्या आठवडी बाजाराच्या आदल्या दिवसाची धरा. दुसऱ्या दिवशी चार ओळखीचे लोक भेटतात, फोन काढून दाखवता येतं.

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला, जे निर्णय आत्ता घ्यायचेच नाहीत ते लिहा. लोगो. स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा स्वतःचा विकत घेतलेला पत्ता. रंगसंगती. इंग्रजी आवृत्ती. सरकते फोटो. किती लोकांनी पाहिलं ते मोजणारा आकडा. हे सगळं तीन महिने बंद. माझ्या पाहण्यात वेबसाइट अडकतात त्या अशाच निर्णयांच्या गर्दीत. एकटा लोगोच कित्येकांचे महिने खातो, आणि वाइंडिंगवाल्याच्या दुकानात लोगो पाहून आजवर कोणी मोटर घेऊन आलेला नाही.

पायरी तिसरी : बोला, मग लिहा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण माणसं लिहायला बसली की बोलणं विसरतात. समोर गिऱ्हाईक असताना जो माणूस मोटरीबद्दल अर्धा तास नेमकं सांगतो, तोच वेबसाइटसाठी असं लिहितो :

'आमचे येथे सर्व प्रकारच्या मोटरचे वाइंडिंग अत्याधुनिक पद्धतीने व माफक दरात करून मिळेल. एक वेळ अवश्य भेट द्या.'

यात चूक एकही नाही आणि कामाचंही काही नाही. हेच वाक्य तालुक्यातल्या प्रत्येक पाटीवर आहे. आता तोच माणूस फोनवर काय सांगतो ते बघा :

'लाइनचा एक फेज गेला की मोटर फिरत नाही, नुसती घुं घुं करते. तेव्हा लगेच बंद करा, पुन्हा पुन्हा स्टार्टर दाबू नका, त्यानंच मोटर जळते. जळली असेल तर काढून आणा. आणायच्या आधी फोन करा, म्हणजे तार आहे की नाही ते सांगतो. मोनोब्लॉकला साधारण दोन दिवस लागतात. पावसाळ्यात वार्निश सुकायला वेळ लागतो, तेव्हा एक दिवस जास्त धरा. घेऊन जायच्या आधी दुकानात चालवून दाखवतो.'

हे वाचणाऱ्याला कळतं की या माणसाला काम येतं. 'अत्याधुनिक' हा शब्द कुठंच आला नाही आणि त्याची गरजही पडली नाही.

हे कागदावर उतरवायची सोपी युक्ती म्हणजे फोनच्या कीबोर्डवरचा माइक. जीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडा, माइक दाबा आणि गिऱ्हाइकाला सांगता तसं सांगा. आपली वऱ्हाडी किंवा झाडीबोली त्याला सगळी समजत नाही, काही शब्द वाकडेतिकडे उमटतात. ते नंतर हातानं सरळ करा. पण कोऱ्या पानाची धडकी बसत नाही, हा फायदा मोठा आहे. एका प्रश्नाला पाच-सहा वाक्यं पुरतात.

आता भाषेचं. 'आमची मराठी शुद्ध नाही' हे कारण मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतं, आणि ऐकून दर वेळी वाईट वाटतं. तुम्ही ओव्या किंवा म्हणी मांडत असाल तर 'मले', 'तुले', 'काहून' ही रूपं पुस्तकी करून टाकू नका. आजी जशी म्हणाली तशी ओवी लिहा. अवघड शब्दाचा अर्थ खाली एका ओळीत द्या. प्रमाण भाषेत फिरवलेली ओवी म्हणजे आजीचं म्हणणं पुसून टाकणं आहे. माहितीच्या पानावर मात्र जी भाषा तुम्ही तालुक्याच्या माणसाशी बोलता ती ठेवा, थोडी बोलीतली, थोडी पुस्तकी. ती सगळ्यांना कळते.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांबद्दल एक नियम सांगतो, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. चुका दोन जातीच्या असतात. काही चुकांनी दुसऱ्याचं नुकसान होतं : फोन नंबरचा एक आकडा, चुकीचा दर, चुकीचा वार, कोणाचं चुकलेलं नाव, पत्त्यातलं चुकलेलं गाव. (बोरगाव, पिंपळगाव, वडगाव नावाची गावं आपल्याकडे ढिगानं आहेत, म्हणून तालुका आणि जिल्हा लिहाच.) दुसऱ्या जातीच्या चुकांनी फक्त आपल्याला ओशाळवाणं वाटतं : वेलांटी, उकार, सुटलेला पूर्णविराम. पहिल्या जातीची एकही चूक राहता कामा नये. त्यासाठी नंबर लावून बघा, दर वहीशी ताडून बघा. तुमचा परिपूर्णतेचा सगळा हट्ट इथं खर्च करा. दुसऱ्या जातीच्या चुका घरातल्या शिकलेल्या एका माणसाला एकदा वाचायला देऊन सुधारा आणि पुढे चला. ज्या राहतील त्या नंतर निघतील.

मजकूर टाइप करताना एक खड्डा

तालुक्याच्या डीटीपी सेंटरमधून आधीचं पत्रक किंवा बायोडाटा करून घेतला असेल तर ती फाइल थेट वापरता येईलच असं नाही. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांमध्ये टाइप केलेला मजकूर त्या फाँटाशिवाय दिसत नाही. वेबसाइटवर चिकटवला की विचित्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटतात. ओळखायची रीत सोपी आहे. मजकुराची एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवा. मराठी दिसली तर ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर-संगणकावर दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत आहे, चालेल. चिन्हं दिसली तर मजकूर नव्यानं टाइप करा किंवा बदलून घ्या. फोनवर मराठी कीबोर्डनं लिहिलेलं सगळं युनिकोडच असतं. म्हणून मी तरी मजकूर फोनवरच लिहायला सांगतो. तो स्वतःला ईमेल करायचा आणि संगणकावर उघडून कॉपी करायचा.

सुंदर मराठी फाँट शोधण्यात वेळ घालवू नका. आजच्या फोनमध्ये देवनागरी फाँट असतोच, आणि वाचणाऱ्याचं लक्ष तुमच्या दरावर असतं.

फोन नंबर मात्र इंग्रजी आकड्यांत लिहा. मराठी आकड्यांतला नंबर कॉपी करून डायल करायला गेलं तर पुष्कळ फोन तो घेत नाहीत.

पायरी चौथी : पान बांधणं

साधनं पुष्कळ आहेत. त्यांची तुलना करणं हीसुद्धा काम पुढं ढकलायची एक वाट आहे, म्हणून मी एकच सुचवतो : गूगल साइट्स. जीमेल खातं असलं की वेगळी नोंदणी नाही, पैसे नाहीत, पानावर जाहिराती नाहीत. आपल्याकडे महत्त्वाचं म्हणजे काम आपोआप साठत जातं. मध्येच लाइन गेली तरी केलेलं वाया जात नाही. पत्ता लांबलचक मिळतो आणि सजावटीला मोकळीक कमी असते. हट्टी माणसाच्या दृष्टीनं हे दुसरं तर चांगलंच आहे.

पान फोनवर उत्तम दिसतं, पण बनवायला संगणक घ्या. घरी नसेल तर मित्राचा लॅपटॉप, अभ्यासिका, गावचं सेवा केंद्र. परक्या संगणकावर काम केलं तर उठताना जीमेलमधून लॉगआउट करायला विसरू नका.

ब्राउझरमध्ये साइट्स डॉट गूगल डॉट कॉम उघडा आणि अधिकच्या चिन्हावर क्लिक करून कोरी साइट घ्या. तयार नमुने दिसतील, त्यांच्याकडे वळू नका. त्यांतल्या रिकाम्या चौकटी भरता भरताच रात्र होते. वर मोठ्या अक्षरांत शीर्षकाची जागा असते. तिथं तुमचं नाव, गाव, काम : 'कृषिपंप मोटर वाइंडिंग, अमुक गाव, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा'. शीर्षकामागच्या पट्ट्याचा प्रकार बदलून 'टायटल ओन्ली' केलात तर चित्र शोधायचं कामच उरत नाही.

उजवीकडे 'इन्सर्ट'मध्ये 'टेक्स्ट बॉक्स' आहे. तो घ्या आणि पहिला प्रश्न व त्याचं उत्तर चिकटवा. प्रश्नाला 'हेडिंग' करा, उत्तर साध्या अक्षरात ठेवा. असे तीन बॉक्स. चौथा संपर्काचा : नाव, फोन, दुकान उघडं असायची वेळ, सुट्टीचा वार, येण्याची खूण ('बस स्टँडवरून शाळेकडे वळलं की डाव्या हाताला'). व्हॉट्सॲपचा दुवाही देता येतो : डब्ल्यूए डॉट एमई, तिरकी रेघ, मग ९१ आणि त्याला लागून तुमचा दहा आकडी नंबर, सगळं इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत. त्यावर बोट ठेवलं की थेट तुमच्याशी गप्पांची खिडकी उघडते.

सगळ्यात खाली एक ओळ लिहा : 'शेवटची दुरुस्ती', आणि पुढे त्या दिवसाची तारीख. या एका ओळीनं तुमच्यावरचं बरंच ओझं उतरतं. वाचणाऱ्याला कळतं की पान बदलत असतं, आणि दर किती तारखेचा आहे तेही कळतं.

थीम 'सिंपल' आहे तशीच राहू द्या. वरच्या पट्टीत 'प्रिव्ह्यू' आहे, त्यात फोनचं चिन्ह दाबून पान फोनवर कसं दिसेल ते बघा. तुमचे जवळजवळ सगळे वाचक फोनवरच येणार आहेत. संगणकावर ते कसं दिसतं याची काळजी करायचं आत्ता कारण नाही.

फोटो

दोनच घ्या. एक तुमचा, काम करतानाचा, एक कामाचा. ढगाळ उजेडात किंवा सकाळी काढलेला फोटो दुपारच्या उन्हापेक्षा हजारपट बरा येतो. विदर्भाच्या उन्हात बारा वाजता काढलेल्या फोटोत अर्धा चेहरा काळा आणि अर्धा पांढरा असतो. हातात तांब्याच्या तारेचं वेटोळं, मागे दुकान, एवढं पुरे. फोटो नसेल तर पान फोटोशिवाय चढवा. फोटोसाठी तारीख पुढं ढकलू नका.

काय टाकायचं नाही

इथं मात्र घाई करू नका. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, सातबारा, घराचा नेमका नकाशा, लहान मुलांचे ओळखता येतील असे फोटो, घर बंद राहण्याच्या तारखा, यातलं काहीही पानावर नको. तुम्ही पान पुसलं तरी कोणी ना कोणी त्याची प्रत घेतलेली असू शकते. इंटरनेट आर्काइव्ह नावाची संस्था १९९६ पासून जगभरच्या वेबपानांच्या प्रती साठवते आहे. वेलांटी नंतर सुधारता येते, पण बाहेर पडलेला आधार नंबर परत आत घेता येत नाही.

मुलींना आणि बायांना खास सांगतो : घरचा नंबर टाकायचं बंधन नाही. कामासाठी वेगळं सिम घ्या किंवा फक्त ईमेल द्या. ओव्या, गाणी, औषधी वनस्पतींची माहिती दुसऱ्याकडून घेतली असेल तर आधी विचारा, आणि नाव छापायचं की नाही हे त्यांनाच ठरवू द्या. पुष्कळ आज्यांना आपलं नाव दिसलेलं आवडतं, काहींना नाही आवडत.

पायरी पाचवी : गाजावाजा न करता चढवा

लोकांच्या भीतीवरचा खरा उतारा हा आहे. पान चढवणं आणि पान जाहीर करणं या दोन गोष्टी वेगळ्या करा.

उजव्या कोपऱ्यातलं 'पब्लिश' दाबलं की साइटचा पत्ता विचारतात. इंग्रजी अक्षरांत सोपं नाव द्या, जे फोनवर सांगता येईल. नाव दुसऱ्यानं घेतलेलं असेल तर शेवटी गावाचं नाव जोडा आणि पुढे चला. नावावर रात्र घालवू नका. कोण पाहू शकेल तिथं 'एनीवन' आहे ना ते तपासा, नाहीतर पान फक्त तुम्हालाच दिसतं आणि लोक 'उघडत नाही' म्हणून फोन करतात. त्याच चौकटीत सर्च इंजिननं ही साइट दाखवू नये अशी विनंती करणारा पर्याय आहे. त्यावर टिक करा. आता पान इंटरनेटवर आहे, पण ज्याला तुम्ही दुवा पाठवाल तोच सहजी पाहील. सरपंचाला, धुऱ्याच्या भावाला अजून काही कळलेलं नाही.

आता तिघांना दुवा पाठवा. एक तुमचं जुनं गिऱ्हाईक, एक घरातलं शिकतं पोरगं, आणि एक असा माणूस ज्याचा फोन जुना आहे. त्यांना 'कशी वाटली?' असं विचारू नका. आपली माणसं 'लय भारी' म्हणतात, किंवा रंगावर सल्ला देतात. दोन्हींचा उपयोग नाही. असं म्हणा : 'काका, यात पाहून सांगा बरं, मोटर किती दिवसांत मिळते?' आणि शेजारी बसून त्यांचं बोट कुठं जातं ते बघा. काकांनी तीनदा वर-खाली केलं आणि तरी उत्तर सापडलं नाही, तर ते उत्तर वर घ्या. एकदा वावरात जाऊन, जिथं फोनला एखादीच कांडी असते, तिथं पान उघडून बघा. उघडलं म्हणजे बस.

सापडलेल्या चुका दुरुस्त करा. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा : गूगल साइट्समध्ये बदल केला तरी तो बाहेर दिसत नाही, 'पब्लिश' पुन्हा दाबावं लागतं. आणि काही बिघडलंच तर तीन टिंबांच्या मेनूत 'व्हर्जन हिस्टरी' आहे, तिथून कालचं पान परत आणता येतं. 'पब्लिश'शेजारच्या बाणात 'अनपब्लिश'ही आहे. मागे यायचा रस्ता उघडा आहे हे पाहिलं की बटण दाबायचा हात थरथरत नाही, असा माझा अनुभव आहे.

मग बाजाराच्या आदल्या रात्री सर्च इंजिनच्या पर्यायावरची ती टिक काढा, पुन्हा पब्लिश करा आणि दुवा व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावा. गूगलमध्ये नाव शोधल्यावर लगेच दिसेल असं समजू नका, त्याला वेळ लागतो. सुरुवातीला लोक येतील ते व्हॉट्सॲपवरून आणि दुकानातल्या क्यूआर कोडवरून. क्रोममध्ये पान उघडून 'शेअर' दाबलं की क्यूआर कोड तयार करायचा पर्याय मिळतो. प्रिंट काढा आणि गल्ल्यावर चिकटवा.

लोक बोलतील तेव्हा

बोलतीलच. कोणी नंबर चुकल्याचं सांगितलं तर त्याच्यासमोर दुरुस्त करा आणि तारखेची ओळ बदला. कोणी म्हणालं 'निळा रंग पाहिजे होता', तर 'हो, लिहून ठेवतो' म्हणा आणि खरंच वहीत लिहा, महिन्यानं उघडा. एकाच गोष्टीबद्दल चार जण बोलले असतील तर बदला, एकच बोलला असेल तर राहू द्या. 'वेबसाइट काढली म्हणे, मोठा झाला' असा टोमणा आला तर त्याचं उत्तर पानावर द्यायचं नसतं. पारावर भेटाल तेव्हा नीट बोला, विषय संपतो.

पान चढल्यावर काही दिवसांत फोन येऊ लागतात : 'तुमची वेबसाइट पाहिली, पाच हजारात चांगली करून देतो.' आत्ता नको म्हणा. पुढे कधी पैसे देऊन डोमेन घेतलंत तर ते स्वतःच्या नावानं, स्वतःच्या ईमेलवर नोंदवा. करून देणाऱ्याच्या नावावर राहिलं तर उद्या त्यानं फोन उचलणं बंद केलं की तुमचं नावही गेलं. पहिल्या वर्षाचा दर पाहून भुलू नका, नूतनीकरणाचा दर आधी विचारा. शेवटी 'इन' असलेलं डोमेन घ्या, किंवा हौस असेल तर 'भारत' हा देवनागरी शेवटही मिळतो. तो २०१४ पासून आहे. फोनवर सांगायला आणि टाइप करायला लोकांना अजून 'इन'च सोपं जातं, म्हणून मी तेच घ्यायला सांगतो.

जीमेलचा पासवर्ड वहीत लिहून घरात ठेवा आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. सिम हरवलं, फोन बदलला, तरी खातं हातात राहिलं पाहिजे. साइट त्या खात्यावरच उभी आहे.

ज्यांना यात गोडी लागेल त्यांनी पुढच्या सुट्टीत एचटीएमएल, म्हणजे वेबपान लिहायची भाषा, शिकावी. दहा-बारा टॅगांत, म्हणजे तिच्या खुणांत, असंच पान स्वतः लिहिता येतं आणि निओसिटीज किंवा गिटहब पेजेसवर फुकट ठेवता येतं. पानाची भाषा मराठी आहे असं त्यात नोंदवता येतं, आणि काही फाँट मग 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे दाखवतात. पण ते नंतर. पहिलं पान चढलेलं असताना शिका, ते थांबवून नको.

पुढचे तीन महिने

फोनजवळ एक छोटी वही ठेवा. लोक जे विचारतील ते लिहा. एखादा प्रश्न तिसऱ्यांदा आला की तो पानावर न्या, उत्तरासकट. जो मजकूर शिळा झाला तो काढून टाका. गेल्या हंगामाचा दर पानावर असण्यापेक्षा दर नसलेला बरा. दिवाळी उलटली की हरभऱ्या-गव्हाच्या ओलितासाठी मोटरी पुन्हा चालू होतात आणि जळतातही. त्याच्या आठवडाभर आधी दर, वेळ आणि सुट्टीचा वार तपासा, तारखेची ओळ बदला आणि पब्लिश दाबा.